स्टेअरिंगवर हात कोणाचा

माझं लायसन संपून अकरा महिने झाले होते आणि ते मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं ते अजाणता केलं असं कोणाला वाटायला नको. नूतनीकरणासाठी नंदुरबारला जायचं, रांगेत उभं राहायचं, डोळे तपासून घ्यायचे, याचा मला कंटाळा. शाळेत एकोणतीस वर्षं क्लार्की केली. दुसऱ्यांचे फॉर्म भरण्यात आयुष्य गेलं, स्वतःचा भरायला मात्र हात उचलत नाही. शहाद्यात मला सगळे मास्तर म्हणतात, जरी मी एक तासही कुणाला शिकवलेलं नाही. पण अर्ज, खुलासा, हरकत, करारनामा, जे म्हणाल ते मी लिहून देतो. कायद्यातलं आपल्याला बरंच कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

त्या रविवारी आम्ही चौघं तोरणमाळहून खाली येत होतो. मागे बायको आणि मेहुणी, पुढे मी आणि साडू. साडू एसटीत ड्रायव्हर. बावीस वर्षं बस चालवून गाडीला ओरखडा नाही आणि निवृत्तीला तीन वर्षं बाकी. अशा माणसाला शेजारी बसवून घाट उतरायची हौस मलाच सुचू शकते.

"भाऊ, लावा बाजूले, मी चलाडस," तो दोनदा म्हणाला.

"तू रोज पगार घेऊन चालवतोस," मी म्हटलं. "आज फुकटातली कला बघ."

एकूण एक वळण मी नीट काढलं. घाट संपला तेव्हा त्याच्याकडे बघून भुवई उडवली. तो हसला आणि त्यानं पट्टा जरा सैल केला. बायको म्हणाली, आता तरी पुढे बघा.

म्हसावदच्या अलीकडे दिवस मावळला होता आणि दिवे लावायची वेळ नक्की झाली की नाही ते ठरत नव्हतं. उसाची एक ट्रॉली अर्धी रस्त्यावर उभी होती. तिला मागे ना दिवा, ना लाल फडकं. मला ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. मी उजवीकडे स्टेअरिंग ओढलं, आणि समोरून मोटरसायकल येत होती. आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा ओट्यावरून पडावा इतकाच.

मोटरसायकलवर नवरा-बायको होते, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे पावरा आदिवासी. तो चारीत पडला होता आणि त्याची मांडी नको तिथे वाकलेली होती. बाई उठून बसली. कोपरातून रक्त येत होतं. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग काचेतून सरळ माझ्याकडे. माझे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवरच होते.

आम्ही खाली उतरून जखमीपाशी वाकलो तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला आणि ट्रॉली घेऊन निघून गेला. नंबर मी पाहिला नाही. फोटो काढला नाही. वर रस्त्यात अडचण नको म्हणून आमची गाडी स्वतःच्या हातानं बाजूला घेतली. कायद्यातलं कळणाऱ्या माणसानं त्या दहा मिनिटांत पुराव्याचं जेवढं वाटोळं करता येतं तेवढं केलं. साडूनं मात्र सांडलेल्या उसातली दोन कांडं घेतली, मेहुणीची ओढणी फाडली आणि मोडलेला पाय बांधला. मग दोघांना गाडीत घालून तोच चालवत शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टर म्हणाले, अपघाताची केस आहे, पोलिसांना कळवावं लागेल. हवालदार निघालाय असं कळल्यावर मी साडूला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेलो.

"तुन्हं लायसन चालू शे ना?"

"मन्हं नही ऱ्हाई ते कोनं ऱ्हाई?"

"मग तुझं नाव सांगूत. गाडी इथपर्यंत तूच आणली, गेटवर लोकांनी पाहिलं. थोडं मागून धरायचं, घाटापासूनच तू चालवत होतास असं, एवढंच."

"भाऊ, मी सरकारी गाडीवर शे. मन्हावर केस लागनी ते चौकशी लागस."

"कसली चौकशी. मांडी मोडली शे, जुडी जाई. लायसन नाही म्हटल्यावर विमा कंपनी हात वर करेल, मग त्या बिचाऱ्याला कोण देणार?"

बघा, मी त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा मध्ये आणलं. साडूच्या नोकरीचा पहिला फॉर्म मीच भरून दिलेला होता, आणि ते मी त्या वेळी बोललो नसलो तरी आमच्या दोघांच्या मध्ये ते उभं होतं. त्यानं टाकीचा गळका नळ आवळून बघितला. मग पाकिटातून लायसन काढून त्यानं माझ्या हातात दिलं. हवालदाराला ते मी दिलं, आणि साडू चालवत होता असा जबाब आम्ही दोघांनी दिला.

बाईला आत टाके घालत होते. तिला कोणी काही विचारलं नाही. नंतर तयार कागदावर तिचा अंगठा घेतला.

चौथ्या दिवशी पाड्यावरून निरोप आला. पंच बसणार आहेत, ज्याचा हात स्टेअरिंगवर होता त्यानं यावं, दुसऱ्याला पाठवू नये. त्यांच्याकडची रीत अशी की ज्याच्या हातून घडलं त्यानं जखमीच्या घरासमोर जमिनीवर बसून, सगळ्यांदेखत, आपल्या तोंडानं सांगायचं. दुसरा कोणी त्याच्या वतीनं बोलला तर बोलणं होत नाही, उलट अपमान होतो.

"कागदावर मन्हं नाव शे, माले जावं लागी," साडू म्हणाला.

"तिथे कागद कोण विचारतो? तिनं मला पाहिलंय."

माझा हिशेब सरळ होता. शहाद्याचं शहाद्यात, पाड्यावरचं पाड्यावर. पोलीस ठाण्यात साडू चालवत होता, पाड्यावर मी चालवत होतो. दोन्हींची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

आम्ही गेलो. या वेळी गाडी साडूच चालवत होता. घरासमोर मोहाच्या झाडाखाली पाच-सहा माणसं बसली होती. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. मी चालवत होतो, ट्रॉली उशिरा दिसली, उजवीकडे ओढली. बाई दारात बसून ऐकत होती. बोलणं झालं ते असं: तो चालायला लागेपर्यंत दवाखाना आमच्याकडे, घरचं धान्य आमच्याकडे, आणि वैर नाही. म्हातारा कारभारी म्हणाला, लिहून असलं तर बरं, माणसं विसरतात. पण लिहिणार कोण? मग तोच माझ्याकडे वळला.

"तुम्ही मास्तर ना? तुम्हीच लिहा."

इथे माझा घात झाला. मला कोणी लिहा म्हटलं की आजूबाजूचं काही दिसत नाही. मी वहीचं पान घेतलं आणि समास सोडला. 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहून देतो की, मी स्वतः वाहन चालवीत असताना माझ्या हातून' इथपासून सुरुवात करून मी दोन पानं भरली. वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला. साक्षीदार म्हणून तिघांचे अंगठे घेतले. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, चांगलं लिहिलं. मला बरं वाटलं. कागद त्यांनी खताच्या प्लास्टिक पिशवीत घालून आढ्याला खोचला.

परत येताना साडूनं विचारलं,

"काय लिखं तुम्ही त्यामा?"

"जे घडलं ते."

"आनि ठाण्यामा जे लिखेल शे ते?"

कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या एकामागून एक समोरून येत होत्या, आणि प्रत्येक ट्रॉलीला तो नेहमीपेक्षा जास्त जागा देत होता.

त्यानंतर पायाचं बिघडत गेलं. जखमेत माती खोलवर गेली होती. ताप उतरेना, मांडीला वास येऊ लागला, आणि एके दिवशी त्याला धुळ्याला हलवलं. हवालदाराचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. साडूंना सांगा गावातच राहा, पेशंटचं बरंवाईट झालं तर कलम बदलतं.

मी कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे गेलो. तो आमच्या शाळेचा विद्यार्थी, त्याचा दाखला मीच लिहिलेला. मी म्हटलं, एका मित्राचं विचारायचं होतं.

"विचारा सर."

"मित्राच्या हातून अपघात झाला आणि लायसन संपलेलं होतं, तर जखमीला विमा मिळतो की नाही?"

"बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला द्यायला लावतं. मग कंपनी ते मित्राकडून वसूल करते."

म्हणजे त्या बिचाऱ्याचं माझ्या लायसनवाचून अडणार नव्हतं. अडणार होतं माझं. हे मला आत कुठेतरी आधीपासून कळत होतं का, याचा विचार मी त्या खुर्चीत बसून केला नाही.

"पंचांसमोर मिटलं असेल तर?"

"मनं मिटली असतील. गुन्हा तसा मिटत नाही. आणि त्या माणसाचा भरपाईचा हक्क तुमच्या मित्रानं दोन पोती धान्य दिल्यानं जात नाही."

"आणि समजा, चालवत होता एक आणि नाव दिलं दुसऱ्याचं?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग मित्राला सांगा की तिथपर्यंत तो अपघात होता. तिथून पुढे बनाव आहे."

"दुसऱ्याला काय होऊ शकतं?"

"नोकरी करतो का?"

"करतो."

"ड्रायव्हरच आहे का हो, मित्राचा साडू?"

साडू हा शब्द मी उच्चारला नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "सर, शहादा केवढंसं आहे." मग त्यानं खुर्ची पुढे ओढली. "ती बाई भरपाईचा अर्ज करणार. त्यात चालक म्हणून साडूंचं नाव असेल, कारण पोलिसांच्या कागदात ते आहे. कंपनीचा माणूस पाड्यावर चौकशीला जाईल. तिथलं लहान पोरही सांगेल की मास्तर चालवत होते. मग कंपनी म्हणेल, सगळंच खोटं आहे. बाईचं लटकेल, आणि साडूंची नोकरी जाईल, कारण खोटा जबाब त्यांनी दिला. उद्या सकाळी ठाण्यात जा."

मी उद्या सकाळी गेलो नाही. परवाही गेलो नाही. हवालदार रजेवर असेल, मेहुणीचा उपास असेल, गुरुवारी कामं होत नाहीत, अशी कारणं मला सापडत गेली. तेवढ्यात कंपनीचा माणूस घरी आला.

असा सज्जन माणूस मी पाहिला नाही. पांढरा शर्ट, बोलणं हळू, चपला दाराबाहेर सरळ लावलेल्या. चहाला नाही म्हणाला नाही. माझ्या बायकोला ताई म्हणाला. त्यानं गाडीचे फोटो काढले, आणि ड्रायव्हरची सीट किती मागे सरकवलेली आहे तेही बघितलं. साडू माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

"सीट तुम्ही नंतर पुढे घेतली का?"

"हो. म्हणजे, असेल घेतली."

"असेल," त्यानं डायरीत लिहिलं. "सोमवारी पाड्यावर जावं म्हणतो. रस्ता कसा आहे?"

आणि मी त्याला नकाशा काढून दिला. खोटं बोलत नाही. कुठे डांबर संपतं, कोणत्या शाळेपासून वळायचं, नदीत पाणी असलं तर कुठून जायचं, सगळं बाणांसह. सवयीनं. तो गेल्यावर बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, "झाडही दाखवायचं होतं ना, कोणत्या झाडाखाली बसून लिहिलं ते." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. स्वच्छ होती ती भांडी.

शनिवारी दुपारी साडू ड्यूटी संपवून थेट आमच्याकडे आला. खाकी कपडेही बदलले नव्हते. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावर बसला.

"भाऊ, ती बाई मन्हीच गाडीमा बसस."

"कोण?"

"ती. धुळाले जावाले. दोन दिनआड येस, डबा लिसन. मन्हा मांगेच, पहिलं सीट. आरशामा दिसस."

"ओळखलं तिनं?"

"पहिलाच दिन वळखी लिधं."

"काय बोलली?"

"काहीच बोलत नही. धुळापावत आरशामा दिसस आनि काहीच बोलत नही." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "आज उतरता उतरता बोलनी. तुम्ही तर बाजूला बसले होते ना, म्हने. रागे नही भरनी. इचारं फक्त. आनि मंग सांगं, काल त्याना पाय काढी टाका."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"जीव वाचना," साडू म्हणाला. "पाय गया." त्यानं टोपी उंबऱ्यावर ठेवली. "स्टँडमा गाडी मांगे लेता लेता आज खांबले लागनी. बावीस वरीसमा पहिली खेप. मन्हा पाय ब्रेकवर ऱ्हात नही, भाऊ. पन्नास मानसं ऱ्हातस मांगे."

मी लगेच उठलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी म्हटलं, तू ड्यूटी बदलून घे. मागून बायको आली. तिनं माझ्या चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या.

ठाण्यात साहेब होते. त्यांनी आमची दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, एकेक या. आधी मी आत गेलो. गाडी मी चालवत होतो, लायसन संपलेलं होतं, पाड्यावर तसं लिहूनही दिलं आहे, सगळं सांगितलं. फक्त साडूचं नाव द्यायची कल्पना कोणाची, ते सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, वगळलं. साहेबांनी विचारलं नव्हतं आणि मी विचारल्याशिवाय कशाला सांगू, असा जुना क्लार्की विचार केला. 'घाबरून तसं सांगितलं गेलं' एवढं म्हटलं आणि सही करून बाहेर येऊन बाकावर बसलो. साडू आत गेला.

मधली भिंत प्लायवुडची होती. साडू ऑफिसातलं मराठी बोलत होता, शब्द मोजून.

"साहेब, माझं नाव मीच द्यायला सांगितलं. भाऊ घाबरले होते, त्यांना काही सुचत नव्हतं. मीच म्हटलं, माझं लायसन चालू आहे, माझं नाव लिहा. त्यांची त्यात चूक नाही."

"म्हणजे पोलिसांची दिशाभूल करायचं तुम्ही ठरवलं?"

"हो साहेब. मी."

"नोकरीचं काय होईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मी ते ऐकलं आणि बसून राहिलो. किती वेळ, ते सांगत नाही. माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते असं: त्याची चौकशी लागणार ती लागणारच, त्यात आणखी एक ओळ आली तर काय फरक, आणि त्यानं आपण होऊन म्हटलंय, मी कुठे सांगायला गेलो होतो. इतका व्यवस्थित युक्तिवाद माझ्या डोक्यात याआधी कधी तयार झाला नव्हता. समोर हवालदार एका जुन्या फाइलीवरची धूळ फुंकरीनं उडवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. प्लायवुडमधून त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

मी उठलो आणि दार ढकललं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"साहेब, हेबी खोटं शे." घाईत अहिराणीच तोंडातून निघाली. "नाव द्यायचं मी सांगितलं. दवाखान्यात, टाकीमागे. तो नको म्हणत होता."

"भाऊ, बठा ना तुम्ही बाहेर," साडू म्हणाला.

"तू उठ."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "साडू-साडू तुम्ही. लोक सासऱ्याच्या जमिनीवरून भांडतात. तुम्ही गुन्ह्यावरून भांडताय." मग हवालदाराला हाक मारून साडूला बाहेर बसवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. त्यानंतरचा एक तास ते मास्तर म्हणाले नाहीत. नुसतं 'तुम्ही' म्हणत होते, आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत होते.

बाईच्या भरपाईच्या अर्जात चालक म्हणून आता माझं नाव आहे. वकील म्हणतो, उशीर लागेल पण मिळेल, आणि मग कंपनी माझ्याकडे येईल. येऊ दे. साडूला बसवरून उतरवलंय. आगारात टायरच्या नोंदी ठेवायला बसवलंय, आणि खात्याची चौकशी सुरू आहे. ती काय ठरवते त्यावर त्याची पुढची तीन वर्षं आणि त्यानंतरची सगळी अवलंबून आहेत. त्यानं आपण होऊन नाव दिलं की त्याच्याकडून ते घेतलं गेलं, हाच त्यात मुद्दा आहे, आणि त्याच्या बाजूनं साक्षीदार एकच. मी.

मागच्या आठवड्यात मला बोलावलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांसमोर माझे तिन्ही जबाब ओळीनं लावून ठेवले होते: दवाखान्यातला, ठाण्यातला पहिला आणि ठाण्यातला दुसरा. शेजारी पाड्यावरच्या कागदाची झेरॉक्स. त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही एवढं लिहून दिलंय," ते म्हणाले. "यातलं कोणतं धरायचं?"

"शेवटचं," मी म्हटलं.

ते काहीतरी लिहू लागले. त्यांचा डावा हात कागदावर आडवा होता. काय लिहिताहेत ते मला दिसत नव्हतं. बाहेर साडू त्याच्या नावाच्या हाकेची वाट बघत उभा होता.